हायवे टाळून घरी

निमोणे, ता. शिरूर
१९ जानेवारी २०२५

इंदर,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते. पुढे लिहिता लिहिता राग आला तर राहून जायचा.

तुझा पत्ता सुलूनं दिला. म्हणजे मी तिच्याकडून काढून घेतला. ती दौंडहून संक्रांतीला माहेरी आली होती, तिच्या मोबाइलवर तुझे फोटो दिसले. तुम्ही बहीण-भाऊ एकमेकांशी बोलता हे मला माहीत नव्हतं. आता झालं. तिला मी काही बोलले नाही, उगाच तिच्यावर डाफरू नकोस. फोटो मात्र सगळे बघितले. फ्रान्सच्या कुठल्याशा खेड्यातला रस्ता, दोन्ही बाजूंना वर-खाली गेलेलं हिरवं रान, आणि मधे तुझी सायकल. माणूस नाही, गाडी नाही. सुलू म्हणाली, "आई, दर रविवारी असाच जातो त्यो. सोबत कुणी न्हाई." वाळला आहेस. ती दाढीही काढ, चोरासारखा दिसतोस.

फोन का नाही केला म्हणशील. तुझा आवाज आला की मला बोलता यायचं नाही. शिवाय घरात आप्पा असतात, आणि या घरात तुझं नाव तीन वर्षं कोणी मोठ्यानं घेतलेलं नाही. मी तुझी काकी आणि आप्पा काका, पण तुझी आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास, वडील त्याच्या आधीच गेलेले. माझा सत्यजीत आणि तू एका ताटात जेवलात, एकाच वर्षी सणसवाडीच्या कारखान्यात लागलात, एकाच खोलीत राहिलात. सत्या हायवेवर ट्रेलरखाली गेला आणि महिन्याभरात कंपनीनं विचारलं तर तू फ्रान्सला निघून गेलास. माझी दोन पोरं एकदम गेली. एकासाठी मला चारचौघांत रडता आलं. दुसऱ्यासाठी रडायचीही सोय नव्हती.

आता कामाचं लिहिते. आप्पांनी सत्याची सायकल बाहेर काढली आहे. तीच, त्या दिवशीची. गोठ्याच्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवली होती ती. शिरूरला नेऊन मागचं चाक नवीन बसवून आणलं आणि आता रोज सकाळी उठून तिच्यावर जातात. जन्मभर ट्रॅक्टरवर बसलेला माणूस, साठी उलटलेली, लेंगा वर खोचून पेडल मारतो. गाव हसतं. हसू देत, त्याचं मला काही नाही. पण परवा दुधाच्या गाडीवाला नवनाथ सांगत आला, "काकी, आप्पा मला रांजणगावच्या म्होरं दिसले. हायवेच्या कडंनं चालले व्हते आन् शेजारनं ट्रेलर." म्हणजे सत्या गेला त्या जागेकडे ते निघालेले असतात. अजून तिथवर पोचत नाहीत, दम लागला की परत फिरतात. पण दम रोज वाढतो आहे.

मी विचारलं, कुठं गेला होता? म्हणाले, "आलो जाऊन." भांडून झालं, रडून झालं, सुलूची शपथ घालून झाली. सायकल सोडा म्हटलं की जेवण सोडतात.

दहाव्याच्या दिवशी घोडनदीच्या काठावर ते तुला काय म्हणाले ते मी विसरलेले नाही. "तू म्होरं व्हतास ना? मग मागं वळून का बघितलं न्हाईस?" सगळ्या भावकीसमोर. तू मान खाली घालून उभा राहिलास. त्यांचं तसं असतं रे. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाची मान कायम मागे असते. नांगर नीट लागतोय का, मागची ट्रॉली येतेय का, हे बघतच तो पुढे जातो. आप्पांची मान झोपेतसुद्धा उजवीकडे वळलेली असते. पुढे जाणाऱ्यानं मागचं बघायचं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही आणि दुसऱ्याला ते जमत नसेल हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. इकडचे रस्ते तुला पाठ आहेत. त्यांना हायवेवर जावं लागणार नाही असा एखादा शांत रस्ता मला सांग. तो मी त्यांच्या गळी कसा उतरवायचा ते माझं मी बघते. आणि तुझं कसं चाललंय तेही चार ओळी लिही.

काकी

निमोणे
२३ फेब्रुवारी २०२५

इंदर,

आशीर्वाद. चार ओळी लिही म्हटलं तर तू फ्रान्सचा अख्खा तालुका पाठवलास. पण मी सगळं वाचलं. गोठ्यात बसून वाचलं, म्हशीशिवाय कोणी बघितलं नाही.

तिथं मोठ्या रस्त्याला सोडून एक लहान रस्ता असतोच, असं तू लिहिलंस. गावागावांतून वळत जाणारा, त्यावर एखादा ट्रॅक्टर नाहीतर पोस्टाची पिवळी गाडी. चढ संपला की गाव, उतार संपला की ओढा, पुन्हा चढ, द्राक्षाचे मळे, सूर्यफुलं. मागून मोटार आली तर हॉर्न न वाजवता हळू हळू मागे येत राहते आणि रस्ता रुंद झाला की हात करून पुढे जाते. हे मी आप्पांना सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं. मला वाटलंच. आणि वाटेत तहान लागली की तिथल्या स्मशानातल्या नळाचं पाणी भरून घेतोस म्हणे. सगळेच सायकलवाले घेतात, चांगलं पाणी असतं, हे सगळं मी वाचलं. तरी ते बंद कर. घरून बाटली नेत जा.

आता तुझा रस्ता. गुनाटच्या माळावरून, मग कालव्याच्या चारीच्या कडेनं इनामगाव. हे आप्पांना कसं सांगायचं? सरळ सांगितलं तर विचारतील, तुला काय कळतं सायकलीतलं. म्हणून मी कामं काढली. माझी बहीण बयाबाई इनामगावला आहे ती देवानंच तिथं दिली असेल. एक दिवस तिला शेंगदाण्याची चटणी पोचवायची, एक दिवस तिच्याकडून लसणाचं बी आणायचं. "आन् हायवेनं कशाला वळसा? माळावरनं जावा," म्हटलं. गेले. तू लिहिल्याप्रमाणे मी हेही सांगितलं की चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा, चढावर गेल्यावर करू नका. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हैस बोलली.

पण पोरा, तुझी एक चूक झाली. चारीचा रस्ता फेब्रुवारीत सांगायचा नसतो. कारखाने चालू आहेत. त्या चिंचोळ्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, आणि प्रत्येकावर गाणी लावलेली. आप्पा तासभर बाभळीखाली उभे राहिले आणि तोंड पाडून परत आले. तू तिकडं बसून एप्रिलमधला रस्ता सांगितलास. आपल्याकडे रस्ता शांत आहे की नाही हे उसाला विचारावं लागतं, हे तू विसरलास. विसरू नकोस. मला तेवढंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना ओढ्याच्या अलीकडची पांदीची वाट सांगितली. तिथं धूळ आहे पण गाडी नाही. परवा परत आले तेव्हा ओसरीवर बसून पाणी पीत म्हणाले, "माळावर चंडोल लई झाल्यात." मी तांब्या भरून पुन्हा पुढे केला. थोड्या वेळानं म्हणाले, "सत्या म्हणायचा तसा वारा लागतो उताराला." तीन वर्षांनी त्यांनी त्याचं नाव घेतलं. मी भाकरी थापायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

पुढचा रस्ता पाठव. इनामगावच्या पुढचा.

काकी

निमोणे
८ एप्रिल २०२५

इंदर, आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्यातला रस्ता आप्पांनी पुरा केला. इनामगाव, तिथून मांडवगण, मग भीमेवरचा बंधारा ओलांडून थेट दौंड. सुलूच्या दारात जाऊन उभे राहिले. ती कपडे वाळत घालत होती, तिनं हातातला पिळा तसाच टाकला. तिच्याकडे राहिले, दुसऱ्या दिवशी तसेच परत आले. हायवेचं आता नाव नाही. ऊसही संपलाय.

दुसऱ्या पत्रात तू लिहिलंस ते वाचून मी बसूनच राहिले. "काकी, घरी यायचं म्हणजे त्या जागेवरून यावं लागतं. मी तिकीट काढतो आणि रद्द करतो." आप्पांच्या बोलण्यामुळे तू येत नाहीस असं मी धरून चालले होते. त्यांना वळवलं की तू येशील, एवढाच माझा हिशोब होता. ती जागा माझ्या ध्यानातच आली नाही. मीसुद्धा शिरूरच्या पुढे गेलेले नाही तेव्हापासून, पण मला जावं लागतच नाही.

मग मला सुचलं ते सांगते. पुण्याला उतर, आणि आगगाडीनं दौंडला ये. सुलूच्या घरी अंघोळ कर, जेव. जावईबापूंची सायकल आहे. तिथून बंधारा, मांडवगण, इनामगाव, गुनाट आणि आपलं घर. आप्पा गेले तोच रस्ता, उलटा. त्यात तो हायवे कुठंच लागत नाही. तू मला एकेक तुकडा पाठवत गेलास आणि तुझा घरी यायचा रस्ता तयार झाला. मी काही एवढी हुशार नाही, लिहिता लिहिताच हे माझ्या ध्यानात आलं.

राहिले आप्पा. त्यांचं असं झालं. मागच्या आठवड्यात जेवताना विचारलं, "ह्यो रस्ता तुला कुणी सांगितला?" म्हटलं, बयाबाईनं. "बयाबाईला उंबऱ्याभायेरचं ठावं न्हाई." मग मी खोटं बोलायचं सोडून दिलं. म्हटलं, इंदरनं सांगितला. ते ताटावरून उठले. सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्याकडे पाठ करून खाटेवर पडले. पाच-सहा दिवस सायकलीला हात लावला नाही, माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, सगळं माझ्याच हातानं मोडलं.

काल सकाळी मी धार काढत होते. येऊन मागे उभे राहिले. म्हणाले, "त्याला इचार, उताराला म्होरला ब्रेक दाबायचा का मागला."

इंदर, उत्तर लवकर पाठव. नीट लिही, मोठ्या अक्षरात. मी वाचून दाखवीन म्हटलं तरी ते स्वतः बघतील असं वाटतं.

काकी

निमोणे
१८ मे २०२५

इंदर, आशीर्वाद.

उशीर झाला. घरात जरा गडबड आहे.

ब्रेकचं उत्तर त्यांना पोचलं. मागचा आधी, पुढचा हलका, दोन्ही एकदम करकचून नको. मला दोनदा वाचायला लावलं आणि मग कागद स्वतःच्या हातात घेऊन चष्मा शोधला. तुझं अक्षर त्यांनी बराच वेळ बघितलं. "अजून तसंच हाय, मुंग्या गेल्यावानी," म्हणाले.

त्यानंतर तर त्यांना छंदच लागला. कोयता सायकलीला बांधून जायचे. बंधाऱ्याच्या चढाला बाभळीच्या फांद्या रस्त्यावर आल्या होत्या त्या तोडल्या. मांडवगणच्या अलीकडे एका वस्तीवरची कुत्री सायकलवाल्याच्या पायाला लागतात, तर त्या घरी जाऊन बसले, चहा प्यायले आणि सांगून आले, "दिवाळीला आमचा पोरगा येणार हाय ह्या रस्त्यानं, तवा बांधून ठेवा." आमचा पोरगा म्हणाले. हे मला त्या वस्तीवरच्या धुरपदानं बाजारात सांगितलं, त्यांनी नाही. घरी मी विचारलं, मग लिहू का त्याला, दिवाळीला ये म्हणून? तर उखडले. "आधी रस्ता हऊ दे. मधी यवढाले खड्डे हायती. पोरगं पडंल."

सुलू सुट्टीला आली होती. ती आणि आप्पा दोघं मिळून एकदा सगळा रस्ता बघणार होते. त्यात आप्पांना जरा लागलं. पडले. काळजीसारखं काही नाही. म्हणून सध्या पत्र लहान.

तू दिवाळीचं बघ. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

काकी

शिरूर
२९ मे २०२५

इंदर,

हे पत्र सुलू मोबाइलवर फोटो काढून पाठवेल. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही.

मागच्या पत्रात मी खरं लिहिलं नाही. आप्पांच्या खुब्याचं हाड मोडलं आहे. शिरूरच्या दवाखान्यात आहेत. ऑपरेशन झालं, पण ताप हटत नाही आणि आता दम लागतो. डॉक्टर म्हणतात बघू. डॉक्टर बघू म्हणतात तेव्हा मला कळतं.

त्यांना तुझ्याशी बोलायचं आहे. काय ते मी लिहिणार नाही, तेच सांगणार आहेत.

दिवाळीची वाट बघू नकोस. ये.

काकी

निमोणे
२२ जून २०२५

इंदर,

अनेक आशीर्वाद. आप्पांचं तेरावं झालं. पाहुणे गेले. तू उलट पावली पुन्हा येऊ नकोस असं मीच सुलूकडून सांगितलं होतं, म्हणून तू आला नाहीस हे मनाला लावून घेऊ नकोस. पाणी सुलूनं दिलं. भावकीत कुजबुज झाली, पण माझ्यासमोर कोणी बोललं नाही.

काल सुलूनं मला सांगितलं की तू फोनवर तिला म्हणालास, "शेवटीसुद्धा आप्पा माझ्यावर ओरडलेच." आणि म्हणून दोन दिवसांत निघून गेलास, सुट्टीचं निमित्त सांगून. सुट्टीचं ते खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. पण ओरडल्यामुळे गेलास हे नव्हतं कळलं. कळलं असतं तर दवाखान्याच्या दारात आडवी पडले असते. आता सगळं लिहिते. बसून वाच.

ते कसे पडले ते आधी ऐक. आप्पा पुढे होते, सुलू मागे तिच्या सायकलवर. गुनाटच्या उताराला मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. आप्पांनी सुलू कुठं आहे हे बघायला मान वळवली, ट्रॅक्टरवर वळवायचे तशी, पार खांद्यावरून. मान तिकडे गेली आणि हँडल पण तिकडेच गेलं. टेम्पोसमोरून आडवे होऊन चारीत पडले. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून जीव वाचला. सुलूला ओरखडाही नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "कस्तुरा, मागं बघितलं की हँडल जातं गं."

मी म्हटलं, कुणाचं?

"कुणाचं बी. माझं गेलं. त्या दिवशी इंदरनं मागं बघितलं असतं तर त्यो बी ट्रेलरखाली गेला असता. दोन्ही गेली असती. आन् मी त्याला नदीवर काय इचारलं?" भिंतीकडे तोंड केलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं, सत्याच्या वेळीही नाही.

म्हटलं, आत्ता लिहिते त्याला. तर म्हणाले, "न्हाई. चारचौघांत मी बोललोय, मीच सांगणार. त्याला म्होरं बसवून सांगणार. तू लिवू नगंस." म्हणून मी फक्त ये एवढंच लिहिलं. त्यांचं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं शहाण्यासारखं ऐकलं आणि तेच नडलं.

मग तू आलास. विमानातून उतरून सरळ गाडी करून, त्याच हायवेनं, कोरेगाव भीमा, सणसवाडी, सगळं ओलांडून. आगगाडीनं दौंडला जायला वेळ नव्हता हे मला माहीत आहे. त्या जागेवरून येताना तुझं काय झालं असेल ते मी विचारलं नाही. तुझ्या शर्टाची पाठ घामानं ओली होती आणि गाडीला तर एसी होता. तू खाटेपाशी येऊन उभा राहिलास. त्यांनी डोळे उघडले. सकाळपासून मनात जुळवत होते, काय बोलायचं ते. आणि तोंडातून निघालं काय, "कुठल्या रस्त्यानं आलास?"

तू म्हणालास, हायवेनं.

"हायवेनं? अक्कल हाय का तुला? तिथं ट्रेलर कसं चालत्यात दिसत न्हाई? दौंडला उतरायला काय झालं व्हतं? यवढा रस्ता मी केला त्यो कुणासाठी?" पुढे खोकला लागला. सिस्टर आली आणि तिनं तुला बाहेर काढलं. बाहेर जाताना तुझी मान नदीवर होती तशीच खाली होती. ती मी बघितली, पण मला वाटलं, घरचंच पोर आहे, त्याला कळलं असेल.

तुला कळलं नाही. म्हणून आता मी सांगते. आप्पा परक्यावर कधी चिडत नसत. परक्याला या, बसा, घ्या. सत्या गेल्यापासून तर ते कोणावरच चिडत नव्हते. नवनाथनं दुधाची गाडी आपल्या फाटकाला घातली, खांब वाकला, तर "असू द्या" म्हणाले. गड्यांनी मोटर जाळली, "असू द्या." मला तर ते माझ्या माहेरच्या पाहुण्यासारखं वागवायचे. त्या "असू द्या"ची मला भीती वाटायची. अक्कल हाय का, हे ते फक्त तुम्हा दोघांना म्हणायचे. शाळेतून चिखलात भरून आलात, विहिरीत उडी मारलीत, पहिल्या पगाराची सायकल घेतलीत, तेव्हा. तीन वर्षांनी ते शब्द त्यांच्या तोंडातून निघाले ते तुला बघून. मी दारात उभी होते. मला इतकं बरं वाटलं की मी पदर तोंडाला लावला. घरात पुन्हा पोरगं आलं असं वाटलं. आणि तू तिकडे व्हरांड्यात तिकिटाची तारीख बदलत होतास.

दुसऱ्या दिवशी तू त्यांच्या पायाशी बसून राहिलास. ते तापात होते, औषधानं गुंगी होती. डोळे उघडायचे तेव्हा नेमका तू औषध आणायला गेलेला असायचास, नाहीतर चहाला. एकदा त्यांनी हात पुढे केला होता, खाटेच्या कडेवरून. तू पाठमोरा होतास, मी तुला हाक मारायला हवी होती. तोवर हात खाली आला.

जावईबापू तुला विमानतळावर सोडायला गेले, त्याच दिवशी दुपारी ते चांगले शुद्धीवर आले. ताप उतरला होता. पेज मागून घेतली. मला वाटलं, फिरले. विचारलं, "इंदर कुठाय?"

गेला, म्हटलं. सुट्टी संपली.

"मी बोललोच न्हाई त्याला त्ये."

म्हटलं, दिवाळीला येतोय. तेव्हा बोला. मी आपलं सांगितलं. तू तसं काही म्हणाला नव्हतास.

"दौंडावरनं?"

दौंडावरनंच, म्हटलं.

त्यावर मान हलवली. मग संध्याकाळ व्हायला लागली तसा दम वाढला. पायातली रक्ताची गाठ वर सरकली असं डॉक्टर नंतर म्हणाले. सिस्टर धावत आल्या, मला बाजूला सरकवत होत्या, पण त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. तोंडाला नळी लावायची होती, तर ते नळी हातानं बाजूला करून काहीतरी विचारत होते. मी कान जवळ नेला. आपल्या घरातून कोणीही बाहेरगावी निघालं की ते जे विचारत बसायचे, फोन येईपर्यंत जेवत नसत, तेच विचारत होते.

"पोचला का?"

मी म्हटलं, पोचला. तू अजून विमानात होतास. पण तू उतरेपर्यंत त्यांना वेळ नव्हता.

काकी